पाण्यावर डोंगा, जमिनीवर लाकूड

सीमा नकाशावर असतात, माणसांच्या मनात नसतात.

हे वाक्य मी गेल्या हिवाळ्यात तापीवरच्या नव्या पुलाच्या उद्घाटनाला ऐकलं. पूल महाराष्ट्रातून निघतो आणि मध्य प्रदेशात उतरतो, त्यामुळे मांडव नेमका कुठे घालायचा यावरून दोन्हीकडच्या कचेऱ्यांत बरीच पत्रापत्री झाली होती म्हणे. शेवटी भाषणं आमच्या तीरावर आणि जेवण त्यांच्या तीरावर असा तोडगा निघाला. मनातल्या सीमेचं मला माहीत नाही, पण पुरीभाजीची सीमा बरोबर पुलाच्या मध्यावरून गेली होती. मला बोलावणं होतं, कारण धारणीच्या पलीकडच्या त्या शेवटच्या गावात मी पूर्वी शाळामास्तर होतो आणि ज्येष्ठ नागरिकांच्या रांगेत काही खुर्च्या रिकाम्या राहत होत्या.

पण आज हे सगळं आठवायचं कारण पूल नाही. कारण आमच्या अकोल्याच्या घराचं पुढचं दार आहे.

दार सागाचं आहे. पावसाळ्यात ते फुगतं आणि चौकटीत बसत नाही. आषाढापासून आम्ही ते खांद्यानं रेटतो, कधी लाथेनं, आणि दुधवाल्यासमोर लाथ मारावी लागली की बायको ओशाळते. मग दसरा होतो. ऊन तापायला लागतं. रस्त्याकडेला सोयाबीनचे ढीग वाळत पडतात, मळणीयंत्राची धूळ डोळ्यांत जाते, काळी जमीन वरून भेगाळते. आणि अशाच एका दुपारी दार कोणी न रेटता, हलक्या हातानं, आपोआप लागतं. बायको म्हणते, "सुटलो एकदाचे." लाकूड वाळलं, एवढंच माझ्या मनात येतं. आणि लाकूड वाळलं की मला नत्थू आठवतो.

दसरा आणि दिवाळी यांच्या मधल्या या दिवसांना आपल्याकडे धड नाव नाही. ऑक्टोबर हीट म्हणतात, ते कुलरच्या जाहिरातीसारखं वाटतं. पाऊस संपलेला असतो पण हवेतून गेलेला नसतो. उन्हाला उन्हाळ्याचा सरळपणा नसतो. उन्हाळ्यात माणूस सावध असतो, डोक्याला रुमाल बांधून निघतो. या दिवसांत हिरवं दिसतं म्हणून तो फसतो. झाडं फसत नाहीत. कापलेलं लाकूड तर मुळीच फसत नाही. ते या दिवसांत मुकाट्यानं आपलं पाणी सोडत जातं, आणि पाणी गेलं की जिथे कमजोर असेल तिथे उकलतं.

त्या गावाला जायला अमरावतीहून परतवाडा, सेमाडोह, हरिसाल करत आधी धारणी गाठावी लागे. पुढे एस.टी. मनात आलं तर जाई, नाहीतर जीप. गाव कोरकूंचं. खालच्या अंगाला, नदीकडे, भोयांची चार घरं. त्यातलं शेवटचं नत्थूचं. नत्थू तेव्हा पन्नाशीचा असेल. अंगानं वाळका, पायांची बोटं पाण्यात राहून राहून फाकलेली. बोलणं कमी आणि तेही बहुधा नदीकडे बघून. घरात बायको चंद्रकला. एकुलती मुलगी पलीकडच्या तीरावरच्या गावात दिलेली, म्हणजे परराज्यात. इकडून हाक मारली तर वारा असेल त्या दिवशी तिच्या अंगणापर्यंत पोचायची.

आणि डोंगा, म्हणजे त्याची होडी. नत्थूच्या आज्यानं तो सागाच्या एका अखंड खोडातून कोरला होता. असं खोड आता जंगलात उरलेलं नाही, आणि असलं तर ते कोरायची कोणाची छाती नाही. डोंग्याला कुठे सांधा नव्हता, कुठे खिळा नव्हता. बाजू इतक्या पातळ की आतून टिचकी मारली तर बाहेर आवाज येई. वापर नसला की नत्थू तो दगड भरून पाण्यात बुडवून ठेवी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्याचा डोंगा बुडाला. तसं मी त्याला हळहळून म्हटलंही.

"बुडवला हाय, गुर्जी," तो म्हणाला. "सागाले पान्यात मरन नाई. त्याले मरन उन्हात."

नदीचं तिथलं वळण मात्र समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्या वळणामुळे झालं. गावाशेजारी वरचा डोह होता. त्याखाली काळ्या खडकांचा पट्टा. त्याच्या खाली दुसरा डोह, खोल आणि शांत. भर पावसाळ्यात लोक वरच्या डोहातून पलीकडे जात. दसऱ्यानंतर पाणी उतरलं की वरच्या डोहात गाळ आणि दगड वर येत, आणि डोंगा फक्त खालच्या डोहात चाले. मधल्या खडकांतून तो नेता येत नसे. पलीकडची दरड उभी आणि तिथलं राज्य वेगळं. म्हणून डोंगा पाण्याबाहेर काढायचा, आपल्याच तीरावरच्या जंगलातून खांद्यावर वाहून न्यायचा आणि खाली पुन्हा पाण्यात सोडायचा. या पायवाटेला सगळे डोंगावाट म्हणत. कायद्यात याला वहिवाट म्हणतात, फक्त ती कुठेतरी लिहिलेली लागते. डोंगावाट पायांनी लिहिलेली होती.

मी पहिल्या वर्षी ती मिरवणूक पाहिली. मिरवणूक म्हणायला मी कचरतो, कारण वाजंत्री नव्हती, भाषण नव्हतं, आणि जो तो आपापलं वजन खरोखर उचलत होता. उजाडता उजाडता डोंगा पाण्यातून काढला. पालथा केला. त्याच्यावर ओली पोती टाकली. सहा जणांनी खांदा दिला. नत्थू पुढे, त्याच्यामागे त्याचा मेहुणा दयाराम. बाया पाण्याचे हंडे घेऊन सोबत चालत आणि पोती सुकू देत नसत. वाटेत खांदे बदलायचे, पण डोंगा खाली टेकवायचा नाही. आणि समोरून कोणी आलं तर त्यानं बाजूला व्हायचं आणि आपल्याजवळचं असेल ते पाणी डोंग्यावर शिंपडायचं. शेतावर निघालेल्या एका म्हातारीनं डब्यातलं ताकसुद्धा शिंपडलं. लांबून पाहणाऱ्याला ती अंत्ययात्रा वाटली असती. मलाही वाटली, आणि मी ते दयारामला बोलून दाखवलं.

"मुर्द्याले कोनी इतकं जपते का गुर्जी?" तो म्हणाला.

दुसऱ्या वर्षी डोंगावाटेवर वनखात्याचा नाका बसला. जंगलातून सागाची चोरी वाढली होती, ही गोष्ट खरी होती. चोर ट्रकनं सडकेवरून जात आणि नाका पायवाटेवर बसला, हीसुद्धा खरी होती. एक खोली, एक आडवा बांबू आणि एक गार्ड. गार्डचं नाव विलास. दर्यापूरकडचा, खारपाणपट्ट्यातला पोरगा. तिकडे विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. त्यामुळे गोड्या पाण्याची भरलेली बाटली तो सतत जवळ बाळगी, बंदूक दिली असती तर ती इतकी जपून बाळगली असती की नाही, शंका आहे.

त्या वर्षी दसऱ्यानंतर डोंगा निघाला तेव्हा शाळेला सुट्टी होती आणि मी सोबत होतो. विलासनं बांबू उचलला नाही.

"काय हाय हे?"

"डोंगा हाय साहेब," नत्थू म्हणाला.

"ते दिसून राह्यलं. कशाचा हाय?"

"सागाचा. माह्या आज्यानं कोरला."

"मंग पास?"

नत्थूनं एका हातानं खांदा सांभाळत दुसऱ्या हातानं मुंडाशातून प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात आमच्या राज्याचा डोंगा चालवायचा परवाना होता. पलीकडच्या राज्याचा, त्यांच्या तीरावर माणसं उतरवायचा कागद होता, हिंदीत. दोन्हींवर शिक्के होते. विलासनं दोन्ही नीट वाचले. वाचणारा माणूस होता, हे त्याच्या बाजूनं नोंदवलं पाहिजे.

"हे पान्याचे कागद हायेत भाऊ," तो म्हणाला. "जमिनीवर हे लाकुड हाय. सागाचं लाकुड जंगलातून न्याचं म्हनलं तर वाहतुकीचा पास पायजे."

"म्हंजे पान्यात टाकला का डोंगा, अन् बाहीर काढला का लाकुड?"

"मी नाई म्हनत. नियम म्हनते."

"मंग नियमाले म्हना, घडीभर खांदा देऊन पाय," मागून दयाराम म्हणाला. त्याच्या मानेवरची शीर फुगली होती. "लाकुड हाय का डोंगा हाय ते समजते."

विलास हसला. हसून झाल्यावर म्हणाला, "खाली ठेवा."

ते ठेवेनात. वाद चालू असताना सहा माणसं डोंगा खांद्यावर घेऊन नाक्यासमोर उभी होती. बाया पोत्यांवर पाणी टाकत होत्या. हंड्यांतलं पाणी संपलं. ऊन वर आलं. शेवटी नत्थूच म्हणाला, "ठेवा बापा," आणि डोंगा उलथून दोन दगडांवर ठेवला गेला. पोटात ऊन घेत तो असा पहिल्यांदाच जमिनीवर पडला असेल.

मी पुस्तकं वाचतो, त्यामुळे मला अशा वेळी अन्यायाचे इतिहास आठवतात. त्या दिवशी तसं काही आठवलं नाही. कारण तिथे दुष्ट कोणी नव्हतं. नियम सागाला वाचवायला केला होता आणि तो डोंगा मेळघाटातला सर्वांत जपलेला साग होता. दोघांचं म्हणणं एकच होतं. फक्त दोघं एकमेकांच्या समोर उभे होते.

पास द्यायचा अधिकार रेंजर साहेबांचा, आणि साहेब कसल्याशा प्रशिक्षणाला गेले होते. ते येईपर्यंत डोंगा नाक्यावर. खालच्या डोहात दुसरा डोंगा नव्हता. पलीकडची माणसं आठवडी बाजारासाठी तीरावर येऊन बसत, हात हलवत आणि परत जात. सडकेनं यायचं तर दिवस मोडे. नत्थूचं घर दसऱ्यानंतरच्या या दोन महिन्यांवर चालायचं. पण त्या दिवसांत तो घराबद्दल बोललेला मला आठवत नाही. तो रोज सकाळी आणि दुपारी हंडा घेऊन नाक्यावर जाई.

"जप्तीच्या मालाले हात नाई लावता येत भाऊ," विलास म्हणाला.

"हात नाई लावत. पानी लावतो."

विलासनं विचार केला. पाणी लावण्याबद्दल नियमात काही नव्हतं. मग नत्थू हंडा ओते आणि पाणी ऊन पडलेल्या लाकडात असं शिरे की जमिनीवर थेंब पडत नसे. एकदा संध्याकाळी मी तिकडून येत होतो. विलास स्वतः आपल्या बाटलीतलं पाणी डोंग्याच्या पोटात ओतत होता. मला पाहून तो दचकला.

"तडकून राह्यला जी," तो म्हणाला. "दुपारी आवाज येते. मले झोप नाई येत त्या आवाजानं."

मी हात लावून पाहिलं. पुढच्या टोकाला, जिथे खोडाचा काप दिसतो, तिथे केसाएवढी रेघ होती. एरवी दिसलीही नसती.

रेंजर साहेब परतल्याचं कळलं तसा मी नत्थूबरोबर धारणीला गेलो. साहेब पश्चिम महाराष्ट्रातले, सुसंस्कृत. टेबलामागे पुस्तकांचं कपाट. आम्हाला बसवलं, चहा दिला. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "गुरुजी, हा प्रश्न भावनेचा नाही, तांत्रिक आहे. आणि तांत्रिक प्रश्नाला तांत्रिक उत्तर असतं." मला त्या वेळी हे फार समजूतदार वाटलं. खुर्चीवरचा माणूस मदत करीन म्हणतो तेव्हा आपण कृतज्ञ होण्याची इतकी घाई करतो की मदत कशी करणार ते विचारायचं राहून जातं.

साहेब स्वतः आले. जीपमधून दोन माणसं, टेप आणि हातोडा. गाव गोळा झालं. सरपंचानं हार आणला होता. तो आधी साहेबांना घातला आणि साहेबांनी मोठ्या मनानं काढून डोंग्याला घातला. टाळ्या झाल्या. मग मोजणी सुरू झाली. लांबी घेतली. घेर घेतला. लाकूड मोजताना आतून पोखरलेलं असेल तर तेवढी पोकळी वजा करायची असते, त्याप्रमाणे साहेबांच्या माणसानं डोंग्याचं पोट मोजलं.

"पोकळी वजा," तो लिहिता लिहिता म्हणाला.

"पोकळी वजा केल्यावर काय राह्यते साहेब?" नत्थूनं विचारलं. खरंच विचारलं. लोक हसले, तेव्हा तो ओशाळला.

मग हातोडा. कायदेशीर लाकडाच्या कापावर सरकारी खूण उमटवावी लागते. लोखंडी हातोड्यावर उलटी अक्षरं असतात. एक घाव घातला की ती लाकडात सुलटी उमटतात, आणि मग ते लाकूड कुठेही अडवलं जात नाही.

"तिथं ठोकू नोका साहेब," नत्थू म्हणाला. "चुन्यानं लिहा. नाईतर डांबरानं."

"अरे, चुना पाण्यात धुऊन जाईल. ही खूण कायमची आहे. तुझ्या नातवालासुद्धा कोणी अडवणार नाही."

"नातवाले अडवू द्या साहेब. तिथं रेघ हाय."

साहेब वाकले, चष्मा वर करून रेघ पाहिली आणि माणसाला म्हणाले, "हळू मार." त्यानं हळू मारला. एकच घाव. आवाज लाकडाचा आला नाही, मडक्याचा आला. विलासनं मान दुसरीकडे वळवली. साहेबांनी नत्थूच्या हातात पास दिला आणि दोन शब्द बोलले. माणूस आणि जंगल यांच्या नात्याबद्दल होते. चांगले होते. नत्थूनं पास पिशवीत घातला, पिशवी मुंडाशात. आता पाणी, परकं पाणी आणि जमीन, तिन्हींचे कागद झाले होते. त्याच्या आज्यापासून कोणाकडेच इतकी पूर्ण परवानगी नव्हती.

त्याच दिवशी डोंगा खाली नेला. बांबू वर गेला आणि विलासनं डोंग्यावर बाटली उपडी केली. नत्थूनं रेघेत राळ आणि तेलात भिजवलेली चिंधी ठासली, डोंग्यात दगड भरले आणि तो बुडवला. लाकडाला पाणी पुरेपूर पिऊ द्यायचं, फुगून त्याची रेघ आपली आपण मिटते, असं त्याचं म्हणणं होतं. त्याला किती दिवस लागतात, हे मी विचारलं.

"लाकडाले इचारा," तो म्हणाला.

लाकडाला कोणी विचारलं नाही. दिवाळीचा बाजार तोंडावर आला. पलीकडच्या तीरावर माणसं जमली. इकडे सरपंच, दुकानदार, सगळे नत्थूच्या मागे लागले. आणि मला जे पुन्हा पुन्हा आठवतं ते हे, की त्यांचा मुद्दा आता भक्कम होता. आधीच्या वर्षी नत्थू "अजून नाई" म्हणाला असता तर कोणी बोललं नसतं. डोंगा त्याचा, नदी त्याला कळते. आता डोंग्यावर सरकारची खूण होती. "साहेबानं पास केलेला डोंगा हाय, भेतो कायले?" असं सरपंच म्हणाला, तेव्हा त्याचा त्या हातोड्यावर प्रामाणिक विश्वास होता. लाकडाची तब्येत तपासूनच खूण करतात, अशीच गावाची समजूत होती. नत्थूची नव्हती. पण नवा कोरा पास मुंडाशात असलेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं.

पहिल्या खेपेला त्यानं दोनच माणसं घेतली. एक म्हातारा, मेंढीच्या कोकरासह. एक बाई, माहेरी निघालेली. चंद्रकला तीरावर होती. दयाराम होता. मी होतो. ऊन होतं, पाणी आरशासारखं होतं, आणि डोंग्याच्या पुढच्या टोकाला साहेबांच्या हाराची दोन झेंडूची फुलं अजून अडकलेली होती.

डोंगा अर्ध्याच्या थोडा पुढे गेला तेव्हा ओला बांबू फुटावा तसा आवाज झाला. तो उलटला नाही. उकलला. पुढून मधापर्यंत चीर गेली, तिथे आडवा मोडला, आणि नदीत दोन तुकडे आणि तीन डोकी दिसायला लागली. नत्थू पट्टीचा पोहणारा. त्यानं बाईला केसांना धरून पलीकडच्या तीराला लावलं. परत येऊन म्हाताऱ्याला नेलं. म्हाताऱ्यानं कोकरू सोडलं नव्हतं, तेही वाचलं. इकडे दयाराम खाली बसला आणि रडायला लागला. संपलं होतं.

मग नत्थूनं वळून पाहिलं. डोंग्याचा पुढचा तुकडा भोवऱ्यात सापडून हळूहळू डोहाखालच्या खडकांकडे चालला होता. तो पुन्हा पाण्यात उतरला.

"जाऊ दे न गा!" दयाराम ओरडला. "जाऊ दे त्याले!"

चंद्रकला ओरडली नाही. ती त्याला ओळखत होती.

तो तुकड्यापर्यंत पोचला. त्यानं त्याच्यावर हात टाकला, घोड्याच्या मानेवर टाकावा तसा. तुकडा गरकन फिरला आणि त्याची कड नत्थूच्या कानामागे बसली. एवढंच दिसलं. तुकडा आमच्या तीराला लागला. नत्थू दुसऱ्या दिवशी पलीकडच्या तीरावर, बराच खाली सापडला.

तर आता अर्धा डोंगा महाराष्ट्रात होता आणि नत्थू मध्य प्रदेशात. दोन्हीकडची माणसं चौकशीला आली. सभ्य होती. डोंगा नेमका कुठे फुटला हा प्रश्न होता, कारण त्यावर गुन्हा कोणाकडे नोंदायचा ते ठरणार होतं.

"मधात," दयाराम म्हणाला.

"मधात म्हणजे कुणाच्या बाजूला?"

"मधात म्हंजे मधात. पान्याले बाजू नसते साहेब."

हे उत्तर कुठल्याच रकान्यात बसलं नाही. पलीकडे मयताची तपासणी झाली, कागद झाले, आणि नत्थू लांबच्या सडकेनं जीपमधून घरी आला. नदी ओलांडून आला असता तर लवकर आला असता. पण ओलांडायला काही नव्हतं.

भोयांची मसणवट खालच्या डोहाकाठी होती. म्हणजे जायचं डोंगावाटेनंच. खांदे तेच होते, फक्त पुढे दयाराम होता. नाक्याचा बांबू आधीपासून वर होता. विलास टोपी काढून उभा. आणि नाक्यासमोर त्याच दोन दगडांवर अर्धा डोंगा पडलेला. तो पुन्हा जप्त होता. पास एका अख्ख्या डोंग्याचा होता, अर्ध्याचा नव्हता.

चंद्रकला थांबली. बाया मसणवटीत जात नाहीत, तिला तिथूनच परतायचं होतं. ती विलासला म्हणाली, "भाऊ, हे लाकुड द्या त्याच्या संग. दुसरं काई मांगत नाई."

विलासनं माझ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "मावशी, हे माह्या हातात नाई. साहेबाले लिहून द्या लागते."

ती उभी राहिली. तिरडी खांद्यावर घेतलेली माणसंही उभी राहिली, मागे एकदा राहिली होती तशी. मग विलास डोंग्याजवळ गेला. जिथे तो मोडला होता तिथे लाकडाच्या ढलप्या वर आल्या होत्या. त्यातली एक त्यानं हातानं ओढली. ती लवकर निघेना. त्यानं पाय लावला, बोटं रक्ताळली, आणि हातभर ढलपी सुटून आली. ती त्यानं चंद्रकलेला दिली आणि पाठ फिरवून खोलीत गेला. तिनं ती नत्थूच्या अंगावरच्या कापडाखाली सरकवली. बिनापासाचं एवढंच लाकूड त्या नाक्यावरून गेलं, आणि जळालं.

पुलाच्या उद्घाटनाला चंद्रकला भेटली. ती आता मुलीकडे, पलीकडे राहते, म्हणून जेवणाच्या बाजूला होती. केस पांढरे झालेत. मी विचारलं, "पूल कसा वाटला?"

"बरा हाय," ती म्हणाली. "हा उन्हात पडला तरी चालते."

आम्ही कठड्याशी उभे राहिलो. खाली खडक दिसत होते. डोंगावाट दिसत नव्हती, तिच्यावर घाणेरी माजली आहे. नाका केव्हाच उठला. विलासची बदली झाली. साहेब वर चढत चढत निवृत्त झाले. वक्ते सीमांबद्दल बोलत होते, आणि मी, इतकी वर्षं अशा वाक्यांना हसत आलेला माणूस, क्षणभर डोळे पुसत होतो. सीमा मनात नसते, पाण्यात नसते, हे मला त्या क्षणी अगदी खरं वाटलं. वाटण्याला पुरावा लागत नाही.

"त्या तुकड्याचं पुढे काय झालं?" मी विचारलं.

"डेपोत हाय. मी गेल्ती एकदा मांगाले. म्हने लिलावात घ्या. लिलावात बोलाले व्यापाऱ्याचं लायसन लागते म्हने."

परत येताना मी मुद्दाम वनखात्याच्या डेपोत थांबलो. सागाच्या रचलेल्या थप्प्यांच्या मागे, कुंपणाला लागून तो पडला आहे. टोकावरची सरकारी खूण आजही बोटानं वाचता येते. तिथल्या कारकुनानं यादी काढून दाखवली. साग, ओंडका, पोकळ, एका अंगानं फुटका. तो दरवर्षी लिलावात निघतो. आतापर्यंत त्याला बोली आलेली नाही.